हात झटकल्याशिवाय बाटल्या पडत नाहीत

अमेरिकेहून परत येताना लोक चॉकलेटं आणतात, परफ्यूम आणतात. मी वडिलांच्या उजव्या खांद्यासाठी व्हिडिओ गेम आणला. विमानतळावर कस्टमच्या माणसाने खोकं उलटसुलट करत विचारलं, "मुलांसाठी का?" मी म्हटलं, "नाही, वडिलांसाठी." या घरात काहीतरी बिघडलेलं आहे अशा नजरेने त्याने माझ्याकडे पाहिलं. बिघडलेलं होतंच.

बाबांचा खांदा आखडला होता. डॉक्टर त्याला फ्रोझन शोल्डर म्हणत आणि आई "हात धरलाय" म्हणे. हात कमरेपासून निघायचा, छातीपर्यंत यायचा आणि पुढे रस्ता बंद असल्यासारखा थांबायचा. डॉक्टरांनी बजावलं होतं की हलवा, वापरा, नाहीतर भूल देऊन हात खेचून मोकळा करावा लागेल. बाबांना दुखण्याची भीती नव्हती, भुलीची होती. "मी शुद्धीवर नसताना माझ्या हाताला कुणी हात लावायचा नाही," हे त्यांनी डॉक्टरांना सांगितलं, मला सांगितलं, आईला सांगितलं आणि त्या दिवशी दवाखान्यात फरशी पुसत असलेल्या बाईंनाही सांगितलं. बाई म्हणाल्या, "मी कशाला लावू?"

पण खरं दुखणं शर्टाचं होतं. बाबा जन्मभर पूर्ण बाह्यांचा शर्ट, पँटीत खोचून, कॉलरचं बटण लावून बाहेर पडत आलेले. टी-शर्ट ही त्यांच्या मते आतून घालायची वस्तू होती. आता त्यांना शर्ट आई घालायची. आधी दुखरा हात बाहीत सरकवायचा, मग मागून शर्ट फिरवून डावा घालायचा, मग बटणं. एका संध्याकाळी हे चाललेलं असताना दार उघडं राहिलं आणि वरच्या मजल्यावरचे काका बाबांना खाली बाकावर बोलवायला आले. हे काका बँकेतून निवृत्त झालेले, आणि बँकेत जे बोलता आलं नाही ते सगळं आता बोलणारे. त्यांनी दारातून पाहिलं आणि म्हणाले, "बटू तयार झाला का? मुहूर्त टळतोय."

त्या दिवसापासून बाबा खाली जायचे बंद झाले. सोसायटीच्या गेटपाशी एक सिमेंटचं बाक होतं, तिथे रोज संध्याकाळी चार-पाच निवृत्त माणसं बसून सरकार चालवत. बाबा आता पुढून नाडीने बांधायच्या बंडीत घरात बसायचे. बाल्कनीत जायचे ते दोन पावलं मागे उभे राहून, आपण खालच्यांना दिसू नये पण खालचे आपल्याला दिसावेत अशा बेताने. मला त्यांची फार कीव यायची आणि त्याहून जास्त राग यायचा. एका वाक्याने माणूस घरात बसतो म्हणजे काय? पण ते वाक्य पुणेरी होतं, हेही खरं.

मी तेव्हा हिंजवडीला नोकरी करत होतो. सकाळी कंपनीच्या बसमध्ये बसायचं, दुपार व्हायच्या आत पोचलो तर आनंद मानायचा, आणि मग परदेशातल्या एका विमा कंपनीचं सॉफ्टवेअर दुरुस्त करत बसायचं. त्यांनीच मला सहा महिने तिकडे पाठवलं होतं. तिथल्या कँटीनच्या कोपऱ्यात टीव्हीसमोर चांगली पोट सुटलेली माणसं हातात पांढरा रिमोट धरून हवेत हात झोकताना मी पाहिली. रिमोटला फारशी बटणं नव्हती. हात जसा हलवाल तसा टीव्हीतला माणूसही आपला हात हलवायचा. टेनिस खेळा, मुष्टियुद्ध खेळा, नाहीतर गुळगुळीत लाकडी पट्टीवरून चेंडू घरंगळत सोडून टोकाला उभ्या केलेल्या बाटल्या पाडा. सगळा खेळ खांद्याचा होता. मला वाटलं, सापडलं औषध.

एक गोष्ट मात्र मी विसरलो होतो. बाबा खडकीला दारूगोळ्याच्या कारखान्यात होते.

बाहेरच्या माणसाला वाटतं की तिथे काम करणारा माणूस धडाडीचा असेल. असतो उलटाच. आमचं सगळं लहानपण तिथल्या क्वार्टर्समध्ये गेलं, आणि अख्ख्या कॉलनीत एकही बाप जोरात दार लावत नसे. बाबा तोफगोळ्यांना पेटवणारे फ्यूज जुळवायच्या विभागात होते. आत जाताना पायातली पादत्राणं बदलायची. काडेपेटी, किल्ल्या, नाणी बाहेर ठेवायची. दाराशी जमिनीला जोडलेली पितळी पट्टी असायची, तिला हात लावून अंगातली वीज उतरवायची आणि मगच आत पाऊल टाकायचं. आत धावायचं नाही, फेकायचं नाही, हात झटकायचा नाही. दारावर मॅन लिमिट लिहिलेलं असायचं, म्हणजे या खोलीत एका वेळी इतकीच माणसं. का, असं मी लहानपणी विचारलं तेव्हा बाबा शांतपणे म्हणाले होते, "काही झालंच, तर तेवढीच जावीत म्हणून." त्यांच्या सगळ्या नोकरीत त्यांच्या विभागात काहीही झालं नाही. इतर लोकांचे वडील आयुष्यात काय काय झालं ते सांगतात. आमचे काय झालं नाही ते अभिमानाने सांगत.

या माणसाला मी हवेत हात झोकायला सांगणार होतो.

त्यातही आमचा एक जुना वाद होता. देशाचा बाजार खुला झाला असं पेपरात यायला लागलं, त्याचा आमच्या घरी पोचलेला पहिला पुरावा म्हणजे मी हट्ट करून बुधवार पेठेतल्या दुकानातून आणवलेला टीव्ही गेम. वायरीला लोंबणारे दोन रिमोट, त्यांवर चार-चार बटणं, आणि एक पिवळी कॅसेट जिच्यावर लाखो खेळ असल्याचं लिहिलेलं होतं. होते चारच, तेच फिरून फिरून यायचे. मी खेळायला बसलो की टीव्हीतला माणूस उडी मारताना मीही बसल्या जागी उडायचो आणि गाडी वळली की पलंगावरून कलंडायचो. बाबा पहिल्या पाळीवरून आले की दारात उभे राहून म्हणायचे, "बटण अंगठ्याने दाबतोस ना? मग खांदे कशाला उडवतोस?" एकदा त्यांनी स्वतः खेळून पाहिलं. रिमोट दोन्ही हातांत असा धरला की जणू त्यालाही अजून पिन बसवायची आहे. समोरून कासव आलं. बाबांनी काहीच केलं नाही. कासव येऊन धडकलं आणि त्यांचा माणूस मेला. मी ओरडलो, "उडी मारायची ना!" तर म्हणाले, "कासव जाईपर्यंत थांबायला काय हरकत होती?"

आता मीच त्यांना म्हणत होतो की बाबा, खांदा उडवा.

यंत्र जोडलं त्या रविवारी त्यांनी आधी त्याच्याबरोबर आलेली सुरक्षेच्या सूचनांची पुस्तिका वाचायला घेतली. जगात ती पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचणारे ते एकटेच असावेत. त्यांचा चेहरा हळूहळू उजळत गेला. रिमोट निसटून कुणाला लागू नये म्हणून मनगटात अडकवायची दोरी होती, ती त्यांना फारच आवडली. "विचार करून केलंय," ते म्हणाले. अमेरिकेहून मी आणलेल्या वस्तूंपैकी कशाचंही त्यांनी केलेलं हे पहिलं कौतुक होतं.

दुपारपर्यंत आमच्या हॉलची डेंजर बिल्डिंग झाली होती; कारखान्यात स्फोटकांच्या इमारतींना तसं म्हणत. सोफ्यापुढे जमिनीवर पिवळी चिकटपट्टी, तिच्यापलीकडे पाय टाकायचा नाही. दाराशी तिपाईवर देवघरातला तांब्या पालथा घालून ठेवलेला, खेळायच्या आधी त्याला हात लावून वीज उतरवायची. तांब्या जमिनीला कशानेही जोडलेला नव्हता हे मी दाखवून दिलं. "सवय लागली पाहिजे," बाबा म्हणाले. किल्ल्या, मोबाईल, घड्याळ एका ताटात काढायचं. आणि दारावर मॅन लिमिट चार. आईने विचारलं, "आणि पाचवा आला तर?" बाबा म्हणाले, "पायपुसण्यावर थांबेल." आई म्हणाली, "माझ्याच घरात मी कुठे उभं राहायचं ते चिकटपट्टी सांगणार?" पण तिने तांब्याला हात लावला. इतक्या वर्षांच्या संसाराची तिलाही सवय होती.

मग बाबा पट्टीमागे उभे राहिले. दोरी अडकवली, ओढून पाहिली, पुन्हा ओढून पाहिली. टीव्हीतल्या माणसाने चेंडू उचलला. बाबांनी हात मागे नेला, म्हणजे कमरेपासून थोडा कमरेच्या मागे, आणि मग एखादी भरलेली कढई शेजारच्या ओट्यावर ठेवावी इतक्या सावकाश पुढे आणला. टीव्हीतला माणूस हलला नाही. हात हलला आहे हे यंत्राला कळलंच नव्हतं. बाबांनी पुन्हा तसाच हात पुढे आणला. तो पुन्हा तसाच उभा. मग ते दोघे एकमेकांकडे बघत उभे राहिले. कुणाला कुणाचा जास्त राग आला होता सांगता येत नाही.

"जोरात, बाबा. झटका द्या."

"झटका देणार नाही."

"अहो, हातात काही नाहीये! प्लास्टिक आहे!"

"हातात काय आहे ते हाताला कळत नाही," बाबा म्हणाले. "हाताला शिकवलंय तेच कळतं."

आठवडाभर हेच चाललं. संध्याकाळी मी बसमधून मोडून यावं, तर बाबा पट्टीमागे आणि टीव्हीतला माणूस चेंडू घेऊन ताटकळत. एकही बाटली पडत नव्हती आणि खांदा होता तिथेच होता. डॉक्टरांची तारीख जवळ येत होती. त्या नुसत्या विचारानेच बाबांचं जेवण कमी झालं होतं. मला आतून भीती वाटायला लागली होती, आणि भीती वाटली की मी चिडतो. मी म्हटलं, "तुम्हाला बरंच व्हायचं नाहीये." बाबांनी दोरी सोडून रिमोट ताटात ठेवला, आवाज न करता.

तेव्हा आई कोपऱ्यात खुर्चीवर मेथी निवडत बसली होती. ती म्हणाली, "आण इकडे." रिमोट घेतला, दोरी लावली नाही, खुर्चीवरून उठली नाही, आणि मेथीच्या देठावरची माती झटकावी तसं नुसतं मनगट झटकलं. टीव्हीत सगळ्याच्या सगळ्या बाटल्या आडव्या. दिवे लागले, नगारे वाजले, आईच्या नावाने आकाशातून रंगीत कागद पडले. आईने पुन्हा झटकलं. पुन्हा सगळ्या आडव्या.

"हे चालणार नाही," बाबा म्हणाले. "खांदा हललाच नाही."

"बाटल्या पडल्या ना?"

"हात हलल्याशिवाय पडलेल्या बाटल्या धरायच्या नाहीत!"

मी समजावून सांगितलं की रिमोटच्या आत एक बारीकसा भाग असतो, त्याला फक्त झटका कळतो. तो खांद्यातून आला की मनगटातून, ते कळत नाही. बाबांनी विचारलं, "म्हणजे मेहनत किती केली ते हे मोजतच नाही?" मी म्हटलं, नाही. "मग हे तुमच्याच कंपनीत बनवलेलं असणार," बाबा म्हणाले आणि बंडीची नाडी घट्ट करत बाल्कनीत निघून गेले.

पुढचं आईने केलं. मला न विचारता ती खाली गेली आणि बाकावरच्या मंडळींना सांगून आली की रविवारी आमच्याकडे बाटल्यांची स्पर्धा आहे, चहा मिळेल. बाबा संतापले. त्यांना बंडीत कुणी पाहायला नको होतं. आई म्हणाली, "मग शर्ट घाला. दार लावून घालते." रविवारी त्यांनी शर्ट घातला, म्हणजे घालून घेतला, आणि आपण खेळणार नसून सुरक्षा बघणार आहोत असं जाहीर केलं. पिवळ्या पट्टीच्या टोकाला ते टीव्हीकडे पाठ करून उभे राहिले, हात बाजूला सोडून, पाहुण्यांच्या पायांवर नजर ठेवून.

मंडळी आली. बाबांनी एकेकाला तांब्याला हात लावायला लावला. मॅन लिमिटमुळे दोघांना पायपुसण्यावर उभं राहून चहा प्यावा लागला आणि तेही गंभीरपणे प्यायले, कारण दारूगोळ्याच्या माणसाचं घर आहे, काही कारण असेल. बँकवाले काका मात्र तांब्याला हात लावून म्हणाले, "तीर्थ नाही?" मग त्यांनी रिमोट घेतला. बाबा म्हणाले, "दोरी." काका म्हणाले, "अहो, आम्ही लाखोंच्या थैल्या दोरीशिवाय हाताळल्या." आणि त्यांनी हात मागे नेला तो असा नेला, की तरुणपणी आपण कॉलेजच्या टीममध्ये जलदगती गोलंदाज होतो हे त्यांना एकदम आठवलं असावं. ते चार पावलं मागे गेले, भिंतीला टेकले, तिथून धावत निघाले. त्यांचा पाय पट्टीवर पडला, समोर टीव्ही, टीव्हीशेजारी काचेचं शोकेस, काचेपुढे आई चहाचा ट्रे घेऊन.

बाबांचा उजवा हात वर गेला.

छातीशी थांबला नाही. खांद्याशी थांबला नाही. सरळ डोक्याच्या वर, पंजा उघडा, आणि आवाज असा आला की तो मी उभ्या जन्मात ऐकलेला नव्हता. "काम बंद!"

काका जागच्या जागी थांबले. एक पाय हवेत होता तो तसाच हवेत. आई थांबली, ट्रेमधले कप थांबले, पायपुसण्यावरचे दोघे घोट न गिळता थांबले. कारखान्यातली ती खूण होती. कुणालाही काही चुकतंय असं दिसलं तर त्याने हात वर करायचा, आणि हात वर दिसला की साहेबापासून शिपायापर्यंत प्रत्येकाने आहे तसं गोठायचं. आमच्या हॉलमध्ये हे कुणालाही माहीत नव्हतं, तरी सगळे गोठले.

मग हळूहळू सगळ्यांच्या नजरा त्या हाताकडे गेल्या. मग बाबांचीही गेली. आपला हात वर पाहून ते घाबरले. "अगं," ते आईला म्हणाले, "हा वर गेला."

"दिसतंय मला," आई म्हणाली.

"आता खाली घ्या," काका एका पायावरून म्हणाले.

"घेता येत नाही. ज्याने वर केला त्याने धोका टळल्याची खात्री करूनच खाली घ्यायचा असतो. पट्टीमागे व्हा."

काका पट्टीमागे झाले. "दोरी लावा." त्यांनी दोरी लावली. बाबांनी पुढे वाकून स्वतः ती ओढून पाहिली, डाव्या हाताने, उजवा तसाच झेंड्यासारखा वर. मग त्यांनी एकदा सगळ्या खोलीवरून नजर फिरवली आणि कळवळत, दातओठ खात, इंच इंच हात खाली आणला. घामाघूम झाले होते. खुर्चीत बसले आणि पायपुसण्यावरच्या दोघांना म्हणाले, "काही झालं नाही."

डॉक्टरांनी पुढच्या आठवड्यात हात वर करून पाहिला, आणखी थोडा वर करून पाहिला, आणि म्हणाले की हा खांदा बरेच दिवस सुटत आला होता, हे वापरत नव्हते एवढंच. भुलीची गरज नाही. मला हायसं वाटलं आणि लगेच संताप आला. सहा महिन्यांच्या डॉलरांतून आणलेल्या यंत्राने जे केलं नाही, ते बँकवाल्यांच्या एका धावेने केलं होतं. यंत्र पुढे आईने वापरलं. ती आजही बसूनच खेळते.

बाबा रोज सकाळी बाल्कनीत उभे राहून हात वर करू लागले, आधी मनातल्या मनात "काम बंद" म्हणत, मग मोठ्याने. गेटवरचा वॉचमन सुरुवातीला थांबायचा, नंतर थांबेनासा झाला. हळूहळू हात मागेही जायला लागला.

एका संध्याकाळी मी बेडरूमच्या दारावरून जात होतो, तर बाबा आत एकटेच आरशासमोर उभे होते. अंगात शर्ट होता. उजवी बाही, डावी बाही, कॉलरचं बटण, सगळं स्वतःचं स्वतः. मी आईला हाक मारणार, तेवढ्यात पुढच्या दारातून काकांचा आवाज आला, "येताय का खाली? सरकार पडायला आलंय."

बाबांनी आवाजाच्या दिशेने पाहिलं. मग एकेक बटण सोडलं, दोन्ही हात बाह्यांतून बाहेर काढले आणि बंडीवर, हातात शर्ट घेऊन, सरळ हॉलमध्ये गेले. दार सताड उघडं, दारात काका.

"अगं," त्यांनी स्वयंपाकघराकडे तोंड करून हाक मारली, "जरा ये. शर्ट घालून दे."

आई पदराला हात पुसत आली. तिने शर्टाकडे पाहिलं. बटणांपाशी ताज्या चुण्या होत्या. मग बाबांच्या तोंडाकडे पाहिलं. नोकरी होती तोवर बाबा पहाटेच निघायचे, ते उठायच्या आत आईने कपडे काढून खुर्चीवर ठेवलेले असायचे, आणि दोघांमध्ये दिवसाकाठी जे बोलणं व्हायचं ते किराणा मालाचं. गेल्या काही महिन्यांत शर्टाच्या निमित्ताने आई रोज त्यांच्या पाठीमागे उभी राहून काहीबाही सांगत होती आणि ते बाहीत हात अडकलेला असल्यामुळे सगळं ऐकत होते. हे मला त्या क्षणी कळलं आणि मला तिथे उभं राहवेना. काका काही बोलतील म्हणून मी त्यांच्याकडे रोखून पाहिलं. ते आमच्या दारावरची नावाची पाटी वाचत होते, पहिल्यांदाच पाहत असल्यासारखी.

आईने उजवा हात बाहीत सरकवला. सावकाश, दुखऱ्या हाताला सरकवतात तसा.

"डावाही घालून देऊ?" तिने विचारलं.

डाव्याला कधीच काही झालेलं नव्हतं.

"दे," बाबा म्हणाले.